दाताचा एक्स-रे पुन्हा पुन्हा पांढरा येतोय? टाइमर वाढवण्याआधी हे तपासा

संध्याकाळी सातच्या सुमारास फोन येतो, आणि तो बहुतेक वेळा असिस्टंटचा असतो. "भाऊ, फोटो परत पांढराच ई राहिना." सकाळी त्याच मशीनवर, तेवढ्याच सेटिंगला खालच्या दाढेचा आयओपीए (तोंडात फिल्म ठेवून काढलेला छोटा एक्स-रे) चांगला आलेला असतो. आता मुळाचं टोक दिसत नाही, मुळातल्या नळीचा, म्हणजे कॅनॉलचा पत्ता नाही, आणि आरसीटीचा (रूट कॅनॉलचा) पेशंट तोंड उघडून खुर्चीत बसलाय. मग रावेरपासून शहाद्यापर्यंत सगळीकडे एकच उपाय होतो: टाइमर एक घर पुढे. तरी जमलं नाही तर आणखी एक घर. दुसऱ्या दिवशी तो मागे आणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि "फोटो काळे येताहेत" म्हणून पुन्हा फोन.

मी जळगावात राहून दाताच्या दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करतो. या तक्रारीसाठी मी जितके फेरे मारतो त्यांतल्या बऱ्याच वेळा मशीन उघडावंच लागत नाही. दोष भिंतीतल्या प्लगमध्ये सापडतो, नाहीतर मशीनचा कोन (किरण जिच्यातून बाहेर पडतात ती नळी) आणि गाल यांच्यामधल्या फटीत, डेव्हलपरच्या (फिल्म धुवायच्या रसायनाच्या) टाकीत किंवा फिल्म ठेवलेल्या ड्रॉवरमध्ये. टाइमर वाढवून यातलं काहीच सुधारत नाही, पेशंटच्या अंगावर डोस तेवढा जास्त पडतो. म्हणून टाइमरला हात सगळ्यांत शेवटी.

आधी खराब फिल्म नीट बघा

खराब फोटो फेकू नका. तो वाळवून व्ह्यू बॉक्सवर (फोटो बघायच्या उजेडाच्या पेटीवर) धरा आणि फक्त दोन जागा बघा. एक, दात आणि हाडाच्या बाहेरची, जिथे मध्ये फक्त गाल होता ती जागा. ती चांगली काळी असायला हवी. दोन, सगळ्यांत पांढरी जागा, म्हणजे चांदीची फिलिंग किंवा धातूची कॅप. तिथून उजेड जवळजवळ अडथळ्याशिवाय यायला हवा.

काळी जागाच करडी असेल आणि पांढरी स्वच्छ असेल, तर फिल्मला किरण कमी मिळालेत किंवा डेव्हलपर कमजोर आहे. याला मी 'फिका' म्हणतो. काळी जागा ठीक आहे पण फिलिंगवर, इनॅमलवर सगळीकडे राखाडी पडदा चढलाय, तर तो 'धुरकट'. तिथे फिल्मवर नको तो उजेड, नको ते किरण किंवा नको ती उष्णता पोचली आहे. फोनवर दोन्ही तक्रारी "क्लिअर येत नाही" एवढ्या तीन शब्दांत येतात. उपाय मात्र एकमेकांच्या उलटे आहेत. धुरकट फिल्मसाठी टाइमर वाढवणं म्हणजे डोस वाढवून फोटो आणखी बिघडवणं.

दातात शिरल्यावर किरणांचं काय होतं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ट्यूबमध्ये तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन ६० ते ७० हजार व्होल्टच्या दाबाने टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्या ऊर्जेतली जवळजवळ ९९ टक्के उष्णता होऊन जाते आणि उरलेल्या एखाद्या टक्क्याचे एक्स-रे होतात. मशीनवर ७० केव्ही (हजार व्होल्ट) लिहिलंय म्हणून प्रत्येक फोटॉन, म्हणजे किरणाचा एकेक कण, ७० केईव्ही ऊर्जेचा नसतो. ७० ही वरची मर्यादा, बहुतेक फोटॉन तिच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असतात. अगदीच मऊ फोटॉन नुसते कातडीत जिरले असते, म्हणून ट्यूबच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची चकती त्यांना अडवते. ७० केव्हीपर्यंतच्या मशीनला ती निदान १.५ मिमी जाडीची लागते, त्यावरच्या मशीनला २.५ मिमीची. कुणी ट्यूबहेड उघडून ही चकती परत बसवायला विसरलं तर फोटोत फारसा फरक दिसत नाही, पण पेशंटच्या गालाला तो फरक सोसावा लागतो.

आता फोटॉन गालात, हाडात, दातात शिरला. डोक्याकडे निघालेले १०० फोटॉन धरले तर साधारण ९ कुठेही न धडकता पलीकडे जातात. साधारण २७ फोटोइलेक्ट्रिक शोषणात संपतात. फोटॉन अणूच्या आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर फेकतो आणि स्वतः पूर्ण नाहीसा होतो. सगळ्यांत मोठा वाटा, साधारण ५७, कॉम्प्टन विखुरणाचा: फोटॉन बाहेरच्या ढिल्या इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि दिशा बदलून भलतीकडे निघतो. उरलेले ७ ऊर्जा न गमावता नुसती दिशा बदलतात, त्यांना इथे सोडून देऊ.

फोटोत दात आणि हिरडी वेगळी दिसतात ती मुख्यतः त्या २७ मुळे. फोटोइलेक्ट्रिक शोषणाची शक्यता अणुक्रमांकाच्या घनाने वाढते आणि फोटॉनच्या ऊर्जेच्या घनाने कमी होते. मऊ मांसाचा सरासरी अणुक्रमांक साधारण ७.४, घट्ट हाडाचा १३.८. आकडा दुपटीपेक्षा कमीच वाढला, पण घन केला की हाडातलं शोषण साडेसहा पट होतं. हे मुख्यतः कॅल्शियमचं काम, त्याचा अणुक्रमांक २०. इनॅमल वजनाने ९६ टक्के खनिज असतं म्हणून ते सगळ्यांत पांढरं, डेंटिन साधारण ७० टक्के म्हणून जरा मागे. चांदीच्या फिलिंगमध्ये चांदी ४७, कथिल ५० आणि पारा ८०, त्यामुळे तिथे किरण जवळजवळ जागच्या जागी अडतात. कीड काळी दिसते कारण तिथलं कॅल्शियम विरघळून गेलेलं असतं. पण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय ती फोटोत नीट उमटत नाही. म्हणूनच फोटो फिका असला तर नवी, छोटी कीड सगळ्यांत आधी हातची जाते.

कॉम्प्टनला अणुक्रमांकाशी फारसं देणंघेणं नाही. मांस असो की हाड, वस्तुमानाच्या मानाने तो जवळजवळ सारखाच होतो. त्यामुळे विखुरलेले फोटॉन फिल्मवर पडले तर ते दाताबद्दल काहीही सांगत नाहीत, वर चित्रावर सरसकट राखाडी थर चढवतात. मे महिन्यात धुळीच्या रस्त्यावर बाइकचा हेडलाइट लावला की उजेड दिसतो, रस्ता दिसत नाही, तसंच हे. तोंडात फिल्म लहान असते आणि दाताच्या अगदी जवळ असते, म्हणून हा त्रास छातीच्या एक्स-रेइतका होत नाही. पण गोल कोनातून बाहेर पडणारा झोत कातडीपाशी ७ सेंटीमीटरपर्यंत रुंद असतो आणि फिल्म त्याच्या निम्म्याहून लहान. बाकीचा झोत नुसता विखुरायला जातो. झोत आखडून घेणारा चौकोनी कोलिमेटर बसवला तर फोटोचा दर्जा वाढतो आणि डोसही बराच उतरतो. तरी आपल्याकडे तो फार थोड्या दवाखान्यांत दिसतो, याचं मला वाईट वाटतं. खर्च मोठा नाही.

फिका फोटो, भाग पहिला: वीज

सकाळी चांगला आणि संध्याकाळी फिका, किंवा पाऊस पडला की चांगला आणि पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत फिका, असं असेल तर सरळ विजेवर संशय घ्या. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मोटारी वर्षभर चालतात. गावातला दवाखाना लाइनच्या शेवटच्या टोकाला असेल तर संध्याकाळी प्लगमध्ये २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळणं नवलाचं नाही.

जुन्या साध्या एसी मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर आलेल्या व्होल्टेजला ठरावीक पटीने वर नेतो. खालचं १३ टक्के पडलं की वरचंही तेवढंच पडतं, म्हणजे ७० केव्हीचे ६१ होतात. ट्यूबमधून निघणारे किरण ढोबळमानाने केव्हीच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणजे ते पाऊणपटीवर येतात. त्यावर फोटॉनही मऊ झालेले असतात, आणि ऊर्जा कमी झाली की फोटोइलेक्ट्रिक शोषण घनाने वाढतं. हाडाच्या आणि दाढेच्या जाडीतून पलीकडे पोचणारे आणखी कमी. फिलामेंटला स्थिर पुरवठा नसेल तर इलेक्ट्रॉनही कमी निघतात. तीन तोटे एकदम. पुढच्या दातांचे फोटो त्यातल्या त्यात बरे येतात आणि वरच्या दाढांचे पांढरेफटक, ही व्होल्टेजची ठळक खूण आहे, कारण वरच्या दाढेत गालाचं हाडही मध्ये येतं.

तपासायचं असं. मल्टिमीटर घ्या आणि एक्स-रे मशीन ज्या प्लगला लावलंय तिथेच मोजा, मीटरपेटीपाशी नको. एकदा सकाळी अकराला, एकदा संध्याकाळी सातला. प्रत्येक वेळी ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) आणि कॉम्प्रेसर बंद असताना आणि चालू असताना. ऑटोक्लेव्हचं कॉइल चालू झाल्याबरोबर काटा १५-२० व्होल्टने खाली येत असेल तर दोष महावितरणचा नाही, तुमच्या वायरिंगचा आहे. एक्स-रेला वेगळी लाइन ओढा, निदान २.५ चौरस मिमीची तांब्याची तार, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको. एक्स्टेन्शनच्या ढिल्या पिनवरही व्होल्ट खाल्ले जातात.

स्टॅबिलायझर लावायचा तर रिलेवाला 'टक-टक' करणारा नको. एक्सपोजर पाव-अर्ध्या सेकंदाचं असतं, ते संपल्यावर रिले जागा होतो. सर्वो घ्या आणि पुरेशा ताकदीचा घ्या. ७० केव्ही गुणिले ८ एमए (मिलिअँपिअर, ट्यूबमधला करंट) म्हणजे ट्यूबमध्येच ५६० वॅट होतात, आतलं नुकसान धरून भिंतीतून ओढली जाणारी वीज बरीच जास्त. फ्रीजचा स्टॅबिलायझर त्या झटक्याला वाकतो. काही जुन्या मशीनवर लाइन व्होल्टेजचा छोटा मीटर आणि शेजारी एक नॉब असतो. एक्सपोजरआधी काटा खुणेवर आणायचा, एवढंच त्याचं काम. बहुतेक ठिकाणी त्या नॉबवर धूळ बसलेली असते. नवी डीसी मशीनं व्होल्टेज स्वतः सांभाळतात. फारच पडलं तर ती एरर दाखवून एक्सपोजरच देत नाहीत, फिका फोटो देऊन फसवत नाहीत.

जाता जाता अर्थिंगचं. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. फोटोवर याचा परिणाम क्वचितच होतो, पण मशीनच्या अंगाला झिणझिण्या येत असतील तर काम थांबवा आणि आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. उन्हाळाभर खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायचं काम कुणाला तरी नेमून द्या.

ट्यूबहेड स्वतः उघडू नका. आत तेल भरलेलं असतं आणि जिवाला धोका करेल इतका विजेचा दाब असतो. हेडवर तेलाचा ओघळ दिसला किंवा एक्सपोजरच्या वेळी आतून चरचर आवाज आला तर मशीन बंद.

फिका फोटो, भाग दुसरा: अंतर आणि उलटी फिल्म

किरण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात, हे सगळ्यांनी परीक्षेला पाठ केलेलं असतं. खुर्चीपाशी ते आठवत नाही. २० सेंटीमीटरच्या कोनाचं तोंड गालापासून चार बोटं लांब राहिलं की फिल्मवर पडणारे किरण पाव हिश्श्याहून जास्त घटतात. मशीनचा हात ढिला असेल तर तुम्ही बटण दाबायला बाहेर जाईपर्यंत हेड घसरतं, तेव्हा अंतरही बिघडतं आणि अँगलही. त्यावर असिस्टंटने हेड धरून उभं राहणं हा उपाय नाही. हाताची स्प्रिंग आवळून घ्या. लांब कोन बसवला असेल तर अंतर दुप्पट होताच एक्सपोजर चौपट लागतं, आणि तो बदल चार्टवर लिहून ठेवलेला असायला हवा. पूर्वीच्या डॉक्टरांनी कोन बदलला आणि चार्ट जुनाच राहिला, असं मी पाहिलंय.

फिक्या फोटोत टायरच्या नक्षीसारख्या तिरक्या रेषा दिसल्या तर फिल्म उलटी लागली होती. पाकिटात फिल्मच्या मागे शिशाचा पातळ पत्रा असतो. मागून येणारे विखुरलेले किरण अडवायला तो दिलेला. फिल्म उलटी ठेवली की दातातून आलेले चांगले किरणच आधी त्या पत्र्यात अडकतात. शिशाचा अणुक्रमांक ८२, घन करून बघा. शिवाय अशा फोटोत डावं-उजवं बदलतं, आणि ते लक्षात आलं नाही तर भलत्याच दाताला ड्रिल लागायची पाळी येते.

इथे गुटख्याचं बोलावंच लागेल. २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी तोंड दोन बोटंही न उघडणारे पेशंट येतातच. मोठी फिल्म आत कोंबली की ती वाकते, वाकल्या जागी काळी रेघ उमटते आणि मुळं ताणल्यासारखी लांब दिसतात. अशा पेशंटला लहान साइझची फिल्म लावा आणि होल्डर वापरा. नातेवाइकाला बोटाने फिल्म धरायला लावू नका, आईने लेकरासाठी धरायची म्हटली तरी शक्यतो नको. मघाचे ५७ आठवा: ते पेशंटच्या गालातून चहूकडे उडतात. बटण दाबणाऱ्याने दोन मीटर लांब, झोताच्या दिशेपासून ९० ते १३५ अंशांच्या पट्ट्यात उभं राहायचं. ट्यूबच्या मागे उभं राहिलं की सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

डेव्हलपर: खान्देशी हवेचा खरा फटका

फिल्मवाल्या दवाखान्यांत माझा सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. कंपनीचं पुस्तक म्हणतं २० अंशाला पाच मिनिटं. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी नळाला येणारं पाणी हाताला सोसत नाही. त्याच पाण्यात मिसळलेला, त्याच खोलीत ठेवलेला डेव्हलपर किती अंशाला असेल? कुणीच मोजत नाही. असिस्टंट नजरेने फिल्म बाहेर काढतो, कारण ती आत गेल्याबरोबर काळी पडायला लागते.

वेळ तापमानावर ठरते. साधारण २१ अंशाला साडेचार मिनिटं, २२ ला चार, साडेचोवीसला तीन, साडेसव्वीसला अडीच. त्यापुढे गेलात की फिल्मवरचे, किरण न मिळालेले चांदीचे कणही काळे व्हायला लागतात आणि फोटो धुरकट होतो. मग तो फार काळा दिसतो म्हणून वेळ कमी करायची, की दात अर्धवट राहून फिका. एकाच फिल्मवर दोन्ही रोग.

पन्नास-शंभर रुपयांचा थर्मामीटर टाकीत अडकवून ठेवा. टाकी एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेमध्ये माठाचं पाणी भरा, दुपारी दोनदा बदला. बर्फ ट्रेच्या पाण्यात चालेल, डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. झाकण घट्ट हवं, हवेने डेव्हलपर सडतो. चहासारखा तपकिरी झाला की बदला, मग कॅलेंडर काही का म्हणेना. एरवी तीन-चार आठवडे चालणारं द्रावण आपल्या उन्हाळ्यात तितकं टिकत नाही.

हिवाळ्यातली तक्रार याच्या उलट. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो. रात्रभर गारठलेल्या डेव्हलपरमध्ये सकाळची पहिली फिल्म टाकली की चित्र उमटतं पण काळं होत नाही. डेव्हलपरमध्ये दोन कामगार असतात: मेटॉल करडे रंग भरतं आणि हायड्रोक्विनोन खरा काळा. साधारण १६ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळजवळ काम सोडतं. म्हणून त्या फोटोत सगळं दिसतं, पण सगळं करड्यात. दुपारी बारानंतर मशीन "आपोआप सुधारतं", आणि मालक मला सांगतात की सकाळी ट्यूब गरम होत नाही. ट्रेमध्ये कोमट पाणी घाला, ट्यूब सुधारेल.

मशीन की डेव्हलपर हे ओळखायची सोपी रीत: एकाच जागी, एकाच सेटिंगला दोन फिल्म एक्सपोज करा. एक रोजच्या टाकीत धुवा, दुसरी वाटीभर ताज्या, योग्य तापमानाच्या डेव्हलपरमध्ये. दोन्ही फिक्या तर वीज, अंतर किंवा मशीन. टाकीतलीच फिकी तर टाकी ओता.

धुरकट फोटो

एक कोरी फिल्म, एक्स-रे न देता, डेव्हलप करा. ती जवळजवळ पारदर्शक, किंचित निळसर यायला हवी. राखाडी आली तर धूर दाताच्या आधीच लागलेला आहे.

खिडकीपाशी ठेवलेली पिवळ्या झाकणाची डेव्हलपिंग पेटी हा आपल्याकडचा नेहमीचा गुन्हेगार. ते झाकण जुन्या मंद फिल्मसाठी ठीक होतं. आताची वेगवान एफ-स्पीड फिल्म त्या पिवळ्या उजेडानेच धुरकट होते, वर खान्देशातलं ऊन. पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा, लाल झाकण लावा. खात्री करायची तर पेटीत उघड्या कोऱ्या फिल्मवर एक नाणं ठेवा, दोन-तीन मिनिटांनी फिल्म डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर उजेड शिरतोय.

फिल्मचा डबा एक्स-रे मशीनखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, विखुरलेले किरण तिथे दिवसभर थोडे थोडे पोचत असतात. उन्हाळ्यात डबा फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरायच्या दिवशी आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. स्वस्तात मिळाला म्हणून मुदत संपत आलेला गठ्ठा घेऊन मे महिन्यात त्याच्याकडून स्वच्छ फोटोची अपेक्षा करू नये.

आरव्हीजी असेल तर

आरव्हीजीवाल्यांना, म्हणजे फिल्मऐवजी सेन्सरने थेट कॉम्प्युटरवर फोटो घेणाऱ्यांना, वाटतं आपण या कटकटीतून सुटलो. डेव्हलपरमधून सुटलात, विजेतून नाही. फरक इतकाच की आरव्हीजीचं सॉफ्टवेअर कमी किरणांचा फोटोही स्वतःच उजळ-काळा करून सारखा दाखवतं, त्यामुळे दोष पांढरेपणात दिसत नाही, तो दाणेदारपणात दिसतो. दाताच्या कडेला वाळू पसरल्यासारखं दिसलं, कॅनॉलमध्ये घातलेल्या फाइलचं (बारीक कानशीचं) टोक नेमकं कुठे आहे कळेना, की समजा फोटॉन कमी पडले. फोटॉन मोजकेच असले की त्यांच्या संख्येतला चढ-उतार डोळ्याला दिसायला लागतो, आणि ब्राइटनेसचा कुठलाही स्लायडर तो घालवू शकत नाही.

उलट बाजूही आहे. जुन्या एसी मशीनला नवा सेन्सर जोडला की फोटो कधी ठीक, कधी पार जळालेला. आपली वीज ५० हर्ट्झची, अशा मशीनमधून प्रत्येक आवर्तनाच्या एकाच बाजूला किरण निघतात, म्हणजे सेकंदाला ५० झटके. ०.१ सेकंदात फक्त पाच. जुना टाइमर एका झटक्याने चुकला की २० टक्क्यांचा फरक पडतो. फिल्मच्या काळात अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये ही चूक खपून जायची. इथे सेन्सर बदलून उपयोग नाही, टाइमर किंवा मशीन बदलावं लागेल. एईआरबीसाठी (अणुऊर्जा नियामक मंडळासाठी) होणाऱ्या क्यूए, म्हणजे दर्जाच्या चाचणीत टाइमर आणि केव्ही दोन्ही मोजले जातात. तो रिपोर्ट फाइलला लावून विसरू नका, त्यातले आकडे वाचा. मशीन एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदवलेलं नसेल तर आधी ते करा.

शिशाच्या पत्र्यांची पायरी

वापरलेल्या पाकिटांतले शिशाचे पत्रे जमवून ठेवा. त्यांच्या पट्ट्या कापा आणि पुठ्ठ्यावर जिन्यासारख्या चिकटवा: पहिली पायरी एका थराची, दुसरी दोन थरांची, अशा सहापर्यंत. वर चिकटपट्टी लावा, काम झालं की हात साबणाने धुवा, उरलेले पत्रे कचऱ्यात न टाकता भंगारात वेगळे द्या. मशीन चांगलं चालत असेल आणि डेव्हलपर ताजा असेल त्या दिवशी हा जिना फिल्मवर ठेवून, कोन अगदी वर टेकवून एक एक्सपोजर घ्या. तो फोटो तारीख, सेटिंग आणि प्लगमधले व्होल्ट लिहून व्ह्यू बॉक्सशेजारी लावून ठेवा.

शंका आली की तसाच दुसरा काढा आणि शेजारी धरा. सगळ्या पायऱ्या सारख्याच फिक्या झाल्या असतील तर किरणांची संख्या कमी झाली आहे: टाइमर, एमए, अंतर, नाहीतर डेव्हलपर. पातळ पायऱ्या जवळजवळ तशाच आणि जाड पायऱ्या मात्र एकदम पांढऱ्या झाल्या असतील तर किरणांची ताकद कमी झाली आहे, म्हणजे केव्ही पडतोय. सेन्सरवर हा जिना घेताना सॉफ्टवेअरची आपोआप सुधारणा बंद करा, नाहीतर दोन्ही फोटो जुळे दिसतील.

फोन कराल तेव्हा हे दोन जिने, खराब आयओपीए, मशीन एसी की डीसी, ऑटोक्लेव्ह चालू असतानाचे व्होल्ट आणि टाकीचं तापमान एवढं व्हॉट्सॲपवर पाठवा. फिल्मचे फोटो व्ह्यू बॉक्सवर ठेवून काढा, ट्यूबलाइटकडे धरून नको. तळोद्याला यायचं की फोनवरच भागेल, ते मला त्यावरून लगेच सांगता येतं.